मुलांच्या पुस्तकांची दुसरी आवृत्ती : मराठी प्रकाशकांना खुले पत्र

मुंबई

मराठीत मुलांची पुस्तके काढणाऱ्या सर्व प्रकाशकांस,

सप्रेम नमस्कार.

मुलांसाठी लिहिलेले मराठी पुस्तक पहिली आवृत्ती संपली की बहुधा कायमचेच संपते, या एका विषयावर हे पत्र आहे. गेली पुष्कळ वर्षे मी मुंबईत राहून मुलांसाठी लिहीत आले आहे. आपल्यापैकी काहींनी माझी पुस्तके छापली, काहींनी साभार परत केली, आणि दोघांशीही माझे बरे चालले आहे. तरीही कोणा एकाच्या नावे न पाठवता हे उघडपणे लिहीत आहे, कारण एकाला लिहिले असते तर ती माझ्या एका पुस्तकाची रदबदली ठरली असती आणि 'बघू या पुढच्या वर्षी' एवढ्यावर चहाबरोबर संपली असती.

शाळांमध्ये बोलवतात तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : तुमच्या पुस्तकांपैकी तुमचे स्वतःचे सर्वांत आवडते कोणते? पालकांनी विचारले असेल तर उत्तर ऐकून ते मान डोलावतात आणि विषय तिथेच थांबतो. मुले मात्र लगेच विचारतात, ते कुठे मिळेल? ते कुठेच मिळत नाही. ज्यांनी ते काढले त्यांच्या सूचीत त्याचे नाव आजही आहे आणि नावापुढे 'आवृत्ती संपली' अशी नोंद आहे. ही नोंद इतकी जुनी झाली आहे की त्या पुस्तकाच्या पहिल्या वाचकांना आता स्वतःची मुले झाली असून ती मुलेही वाचायला लागली आहेत.

हे पुस्तक वरळी कोळीवाड्यातल्या एका मुलीचे आहे, जिला मासे आवडत नाहीत. बाप होडीवर, आई बाजारात पाटी घेऊन बसलेली, आजी घरासमोर वलांडीवर, म्हणजे आडव्या काठ्यांच्या मांडणीवर, बोंबील वाळत घालणारी, आणि ही मुलगी नाकाला फडके लावून वरणभात मागणारी. गोष्ट एवढीच आहे. ती मासे का खात नाही याचा शोध कोणी घेत नाही, तिला कोणी समजावायला बसत नाही. आजी तेवढी रोज कुरकुरते आणि कुरकुरतच वरण लावते. शेवटच्या पानावरही मुलगी मासे खात नाही, मात्र तोपर्यंत बोंबील वाळत घालण्यात ती आजीच्या वरताण झालेली असते. मी लिहिलेल्या सगळ्यांत मला हेच पुस्तक अधिक आवडते, कारण त्यातले एकही वाक्य मी मोठ्यांची मर्जी राखण्यासाठी लिहिलेले नाही. माझ्या इतर पुस्तकांबद्दल असे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

त्यातले अर्धे श्रेय चित्रकर्तीचे आहे. ओले बोंबील वाळत घालताना दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी काठीवर टाकतात, हे मी नुसते लिहून दिले असते तर ते एक माहितीचे वाक्य झाले असते. चित्रकर्ती कोळीवाड्यात जाऊन बसली, बायकांचे हात कसे चालतात ते तिने पाहिले, एका हाताने पाटीतला मासा उचलताना दुसऱ्या हाताचा अंगठा आधीच्या माशाचा जबडा कसा उघडून धरतो ते टिपले आणि मग पुस्तकाच्या मधल्या दोन पानांवर आडव्या काठ्यांच्या रांगाच रांगा काढल्या. प्रत्येक जोडीचा चेहरा निराळा. एक जोडी भांडते आहे, एक झोपली आहे, एकीतला एक बोंबील मुलीकडे डोळे वटारून बघतो आहे. या पानावर मजकूर अवघ्या एका ओळीचा आहे आणि मुले सर्वांत जास्त वेळ तिथेच रेंगाळतात. भांडणारी जोडी कोणती, यावरून वर्गात खरीखुरी भांडणे झालेली मी पाहिली आहेत.

मजकूर थोडा असला की लिहिणे सोपे, असा समज आपल्या व्यवसायातही आहे, आणि मानधनाच्या बोलणीत तो विशेष डोके वर काढतो, म्हणून दोन शब्द त्याविषयी. नुकत्या वाचायला लागलेल्या मुलासाठी लिहिताना जोडाक्षरे कमी ठेवावी लागतात. जोडाक्षर टाळायचे ठरवले की 'म्हणाली' हेही टाळावे लागते, आणि 'म्हणाली' टाळून दोन माणसांचा संवाद लिहिणे हा काय प्रकार आहे, ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. मी आजीचे बोलणे कायम डाव्या पानावर आणि मुलीचे कायम उजव्या पानावर ठेवले, म्हणजे कोण बोलते आहे ते सांगण्याची गरजच उरली नाही. पण त्यामुळे प्रत्येक वेळी शेवटचा शब्द मुलीचा होऊ लागला आणि आजीचा स्वभाव बिघडला. मग आजीला चित्रांत काम दिले : मुलीचे बोलून झाले की आजी काहीतरी आपटते. पातेले, सूप, पाटी. पान उलटण्याआधी काय आपटले हे मुलाला दिसावे आणि त्याचा परिणाम उलटल्यावर कळावा, अशी सगळी बत्तीस पाने पुन्हा मांडली. आजीच्या तोंडची कोळी बोली मुद्रितशोधकांनी खोडून प्रमाण मराठीत आणली होती. मी ती पुन्हा होती तशी केली. संपादकांनी माझी बाजू घेतली, याबद्दल त्यांची मी आजही ऋणी आहे. हे सर्व करून हाती आलेला मजकूर तुमच्या कार्यालयात कोणीही उभ्या उभ्या वाचून संपवील, एवढाच होता.

आता हे पुस्तक पुन्हा का निघाले नाही ते सांगते, कारण माझ्या ओळखीच्या कितीतरी लेखक-चित्रकारांच्या पुस्तकांची हकिकत हीच आहे. ते खपले नाही असे नाही. सावकाश खपले, पण सगळे खपले. दुसऱ्या आवृत्तीचा विचार सुरू झाला तेव्हा एका शासकीय खरेदीची वाट पाहू या, असे ठरले. त्या खरेदीसाठी जो तक्ता भरून द्यायचा होता त्यात 'पुस्तकातून मुलांवर होणारे संस्कार' असा एक रकाना होता. प्रकाशकांनी मला विचारले तेव्हा मी 'वरणभाताची आवड' असे सुचवले, आणि ते त्यांनी अर्थातच लिहिले नाही. पुस्तक निवडले गेले नाही, आवृत्तीचा विचार मागे पडला आणि मागेच राहिला. त्याच वर्षी निवडल्या गेलेल्या काही पुस्तकांच्या शेवटी तात्पर्य चौकटीत छापलेले होते. तात्पर्याशी माझे वैर नाही. पण एखादे पुस्तक पुढच्या मुलांपर्यंत जाणार की नाही, हे त्या चौकटीवरून ठरत असेल तर मुलांची पुस्तके आपण मुलांसाठी काढतो, असे म्हणणे अवघड आहे.

मोठ्या खरेदीवर आपले गणित किती अवलंबून आहे हे मला समजते. तरी एका गोष्टीकडे लक्ष वेधते. खरेदीची मागणी लेखी येते, तिला तारीख असते, प्रतींचा आकडा असतो. मुलाची मागणी दुकानाच्या काउंटरवर येते, तीही आईच्या तोंडून, आणि 'ते आता येत नाही' असे ऐकून आई दुसरे काहीतरी घेऊन जाते. त्या नकाराची नोंद दुकानदार करत नाही, वितरक करत नाही, आपणही करत नाही. मूल काही प्रकाशकाला पत्र लिहायला बसत नाही. त्यामुळे संपलेल्या पुस्तकाला मागणी नाही, हा आपल्या सर्वांचा ठाम समज कधी तपासलाच जात नाही. माझ्या त्या पुस्तकाची एका शिक्षिकेने झेरॉक्स काढून, पिना मारून, वर्गासाठी संच केलेला मी पाहिला. कायद्याने ते बरे नव्हे हे मलाही कळते. पण त्यांनी पुढे केलेल्या झेरॉक्स प्रतीवर मी सही करून दिली. रंग गेल्यामुळे त्यातले सगळे बोंबील काळे ठिक्कर पडले होते आणि भांडणारी जोडी कोणती ते काही केल्या ओळखता येत नव्हते.

बालपुस्तकाचा वाचक मोठ्यांच्या पुस्तकाच्या वाचकासारखा नसतो, ही गोष्ट आपल्या हिशेबात कुठेही दिसत नाही. कादंबरीची पहिली आवृत्ती ज्यांनी घेतली त्यांना दुसऱ्या आवृत्तीची गरज नसते, आणि नवा वाचक मिळवायला कादंबरीला झगडावे लागते. पाच ते आठ वर्षांच्या मुलांचे पुस्तक असेल तर तीन-चार वर्षांत त्याचे सगळेच्या सगळे वाचक बदलतात. पहिली आवृत्ती वाचणारी मुले दुसरी आवृत्ती निघेपर्यंत चौथी-पाचवीत गेलेली असतात आणि त्यांच्या जागी त्याच वयाची तितकीच नवी मुले येऊन बसलेली असतात, ज्यांच्या दृष्टीने जुने पुस्तक कालच छापलेले आहे. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी पहिल्या खेपेची मुले आईबाप होऊन दुकानात येतात आणि मुखपृष्ठावरचा रंग सांगून पुस्तक मागतात. असा ग्राहक कादंबरीच्या प्रकाशकाला मिळत नाही. आपल्याला तो फुकट मिळतो आणि आपण त्याला रिकाम्या हाताने परत पाठवतो.

'आजच्या मुलांना जुने आवडत नाही' हे वाक्य मी आपल्यापैकी अनेकांकडून ऐकले आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' १९३५ साली प्रसिद्ध झाली आणि आजही छापली जाते. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर २०१७ साली चित्रपट निघाला, तेव्हा त्या मालिकेतली पुस्तके दुकानांत मिळत होती, म्हणून चित्रपटगृहातून बाहेर पडलेल्या मुलाला ती घेता आली. विंदा करंदीकरांची 'राणीची बाग' १९६१ची. भायखळ्याच्या त्या बागेत दरम्यान पेंग्विनसुद्धा येऊन राहिले, तरी विंदांचे प्राणी मुलांच्या तोंडी आहेत. रत्नाकर मतकरींचे 'अलबत्या गलबत्या' २०१८ साली पुन्हा रंगभूमीवर आले, आणि लहानपणी ते पाहिलेली माणसे आपापल्या नातवंडांना घेऊन नाट्यगृहांत गेली. ही नावे थोरामोठ्यांची आहेत, त्यांची गोष्ट वेगळी, असे आपण म्हणाल. थोडे खरे आहे. पण ही पुस्तके आणि नाटके आज ठाऊक आहेत ती कोणीतरी पुन्हा पुन्हा छापली, पुन्हा उभी केली म्हणून, हेही तितकेच खरे. पहिल्या आवृत्तीनंतर ती थांबली असती तर यांतली किती आपल्याला आठवली असती, याचा अंदाज मला करता येत नाही.

'श्यामची आई'च्या बाबतीत आणखी एक तपशील आहे. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या लेखनावरचा हक्क संपतो, त्याप्रमाणे २०१० अखेर त्यांचे लेखन सर्वांना खुले झाले आणि त्यानंतर अनेक प्रकाशकांनी ते आपापले काढले. माझे कोळीवाड्याचे पुस्तकही या मार्गाने कधीतरी नक्की मोकळे होईल. मात्र तोवर थांबण्याची माझी तयारी नाही.

सरकारी कारभाराला नावे ठेवणे आपल्याला सोपे वाटते, म्हणून एक उदाहरण मुद्दाम देते. बालभारतीचे 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१मध्ये सुरू झाले. त्याचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी त्यात आलेली गोष्ट आजच्या मुलाला चित्रांसकट वाचायला मिळते, आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी निघालेले माझे पुस्तक मिळत नाही.

आता आपली अडचण. ती मी नाकारत नाही, कारण या व्यवसायाच्या कडेकडेने माझे आयुष्य गेले आहे. बत्तीस पानी रंगीत पुस्तक म्हणजे सोळा पानांचे दोन फर्मे, म्हणजे दोन्ही बाजूंनी छापायचे दोन मोठे कागद. चार रंगांच्या प्रत्येक फर्म्याला दोन्ही बाजू मिळून आठ प्लेटा (छपाईचे धातूचे पत्रे), मुखपृष्ठाच्या वेगळ्या. या प्लेटांचा खर्च तीनशे प्रतींना तेवढाच आणि तीन हजारांना तेवढाच, म्हणून हजारांहून कमी प्रती ऑफसेटवर, म्हणजे प्लेटांच्या यंत्रावर, छापणे परवडत नाही. हजार छापाव्यात तर त्या ठेवायला मुंबईत जागा नाही; असलेल्या जागेचे भाडे पुस्तकाच्या किमतीला खाऊन टाकते. वितरक आणि दुकानदार यांची सवलत गेल्यावर उरते काय, तेही मला माहीत आहे. शिवाय रंगीत पुस्तकाची किंमत थोडी वाढली की गिऱ्हाईक ते परत फडताळात ठेवते, आणि तेच गिऱ्हाईक त्याच्या दुप्पट किमतीचा पिझ्झा मागवते, हा अनुभव आपल्याला रोजचा आहे. पण आता प्लेटांशिवाय, डिजिटल यंत्रावर, शंभर-दोनशे प्रती काढता येतात. प्रतीमागे खर्च जास्त पडतो हे खरे. पण गोदाम लागत नाही, पैसा अडकून पडत नाही आणि पुस्तक सूचीत जिवंत राहते. दोनशे प्रती संपल्या की मागणी किती आहे हे अंदाजाने नव्हे, अनुभवाने कळते, आणि मग हजारांची आवृत्ती काढायची की नाही ते डोळसपणे ठरवता येते. मोठ्यांच्या पुस्तकांसाठी आपल्यापैकी काही जण हे करू लागले आहेत. मुलांच्या पुस्तकांसाठी 'रंग नीट येत नाही' हे कारण दिले जाते. काही वर्षांपूर्वी ते पटण्यासारखे होते. आज चांगल्या यंत्रावरचे पान आणि ऑफसेटचे पान मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहे, आणि फरक दाखवायला मला चष्मा पुसावा लागला.

खरी अडचण बहुतेक वेळा दुसरीच असते, आणि ती बोलून दाखवली जात नाही : पुस्तक पुन्हा छापायला लागणारे साहित्यच हाताशी नसते. माझे पुस्तक निघाले तेव्हा चित्रांच्या रंगविभाजनाच्या पॉझिटिव्ह, म्हणजे प्रत्येक रंगाची वेगळी फिल्म, काढून त्यांवरून प्लेटा करीत. त्या पॉझिटिव्ह मोठ्या पाकिटांत घालून गोदामात ठेवलेल्या असत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, उपनगरांतल्या तळमजल्यावरच्या गोदामांत पाणी शिरले, आणि माझ्या पुस्तकाच्या पॉझिटिव्ह एकमेकींना चिकटून गेल्या. यात दोष कोणाचाच नाही. पण त्यानंतरच्या काळातली, संगणकावर जुळवलेली पुस्तकेही याहून सुरक्षित नाहीत. ती पेजमेकर या पाने जुळवण्याच्या जुन्या संगणकप्रणालीत, युनिकोडपूर्व टंकांत, म्हणजे सर्व संगणकांना समजणारी अक्षरे रूढ होण्याआधीच्या टंकांत, जुळवलेली आहेत. ती प्रणाली आता चालत नाही, टंक मिळत नाहीत, आणि ज्यांनी जुळणी केली ते व्यवसाय सोडून गेले आहेत. नशिबाने माझ्या चित्रकर्तीने काम झाल्यावर आपली मूळ चित्रे आग्रहाने मागून परत घेतली होती. ती तिच्या घरी पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये, मध्ये पातळ कागद घालून, आडवी ठेवलेली आहेत. जलरंग हळूहळू फिके पडत आहेत. आज ती नीट स्कॅन केली तर पुस्तक जसेच्या तसे निघू शकते. आणखी काही वर्षांनी ते शक्य असेल याची खात्री ना ती देऊ शकत, ना मी.

करारांबद्दल बोलणे आपल्याकडे असभ्य समजतात, विशेषतः लेखिकेने. तरी बोलते. मुलांच्या पुस्तकांचे करार बरेचदा अर्ध्या पानाचे असतात, त्यात मानधनाची एकरकमी रक्कम असते आणि मुदत लिहिलेलीच नसते. मुदत लिहिली नाही म्हणजे हक्क कायमचा प्रकाशकाकडे गेला, असा समज लेखकांचाही आहे आणि आपल्यापैकी काहींचाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ सांगते की हक्क हस्तांतराची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. म्हणजे ज्या पुस्तकांविषयी मी लिहीत आहे त्यांतल्या कितीतरींचे हक्क लेखकांकडे कधीच परत आलेले आहेत आणि हे दोन्ही बाजूंना ठाऊक नाही. या कलमाचा बडगा कोणावर उगारावा असे मला वाटत नाही. उलट, आवृत्ती संपल्याचे आणि ती पुन्हा काढण्याचा विचार नसल्याचे लेखकाला आणि चित्रकाराला एका पत्राने कळवण्याची रीत पडली, तर कायद्यापर्यंत जायचे कारणच राहणार नाही. ते पत्र हाती आले की मी दुसरा प्रकाशक शोधीन, तोही तुमच्याच आशीर्वादाने. आज मला 'नाही' असेही कोणी स्पष्ट सांगत नाही, आणि तेवढ्यामुळे पुस्तक अडकून पडते.

मुंबईपुरते एक निरीक्षण. मराठी माध्यमाच्या शाळांचे इथे काय झाले ते आपण सर्व पाहतोच, त्यावर पुन्हा रडत नाही. पण २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले, आणि त्यामुळे एक असा वाचक तयार झाला आहे ज्याचा विचार आपल्या सूच्यांत मला कुठे दिसत नाही. नऊ-दहा वर्षांचे मूल, घरी मराठी किंवा बंबैया हिंदी बोलणारे, इंग्रजी जाड पुस्तके वाचणारे. मराठी मात्र अक्षर लावत वाचते. त्याला त्याच्या वयाचे मराठी पुस्तक जड जाते आणि पहिलीचे पुस्तक दिले तर ते बाळबोध वाटून त्याचा अपमान होतो. थोडा मजकूर, मोठे टंक, कमी जोडाक्षरे आणि तरीही विषयात काही तिखटमीठ, अशी पुस्तके त्याला हवी आहेत. तशी पुस्तके मराठीत लिहिली गेलेली आहेत. ती नव्याने लिहवून घेण्याआधी, जी तयार आहेत आणि केवळ संपलेली आहेत, त्यांच्याकडे पाहावे.

लेखकाच्या बाजूने याचा परिणाम काय होतो, तेही सांगते. मोठ्यांसाठी लिहिणाऱ्याची मागची पुस्तके हळूहळू का होईना खपत असतात, त्यांची थोडी रॉयल्टी येते, नावाची ओळख टिकते. मुलांसाठी लिहिणाऱ्याची मागची पुस्तके नाहीशी झालेली असतात, त्यामुळे दर काही वर्षांनी त्याला नवशिक्यासारखी ओळख करून द्यावी लागते. घर चालवायला मी बँकेत नोकरी केली, पहाटे लिहिले आणि निवृत्तीनंतर अनुवादाची कामे घेतली. याची तक्रार नाही, मराठी लेखक असाच जगत आला आहे. पण पुस्तके टिकत नाहीत म्हटल्यावर लिहिणाऱ्याचा हात सैल पडतो. जे दोन वर्षांत नाहीसेच होणार आहे त्यातल्या आजीने काय आपटावे यासाठी महिना कोण घालवील? मग मागणीप्रमाणे पुरवठा होतो : सणांच्या गोष्टी, थोरांची बालपणे, प्राण्यांच्या बोधकथा. मीही त्या लिहिल्या आहेत आणि मानधन वेळेवर मिळाले आहे. त्यांतल्या काहींच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या, याचा आनंद मानावा की काय ते मला अजून ठरवता आलेले नाही. 'मोठ्यांसाठी केव्हा लिहिणार?' असे आपल्यापैकीच एका ज्येष्ठांनी मला कौतुकाने विचारले होते. आधी लहानांसाठी लिहिलेले बाजारात दिसू द्या, मग बघू, असे तेव्हा तोंडावर आले होते.

माझे मागणे मोठे नाही. प्रत्येकाने आपल्या सूचीतल्या, 'आवृत्ती संपली' असे लिहिलेल्या बालपुस्तकांपैकी निदान काही यंदा काढून वाचावीत; संपादकांनी एकट्याने नव्हे, तर सहा-सात वर्षांच्या मुलांसमोर मोठ्याने वाचावीत आणि मुले कुठे थांबतात ते पाहावे. जी चालतील असे वाटेल त्यांच्या शंभर-दोनशे प्रती काढाव्यात. जी काढायची नाहीत त्यांच्या लेखक-चित्रकारांना तसे लेखी कळवावे. चित्रकारांची मूळ चित्रे जिथे असतील तिथून मिळवून स्कॅन करून ठेवावीत, त्या स्कॅनची एक प्रत चित्रकाराला द्यावी, आणि नव्या आवृत्तीतून चित्रकारालाही वाटा द्यावा, कारण एकरकमी पैसे घेऊन बाजूला झालेला चित्रकार पुन्हा कशाला मदत करील? दुकानदारांनी 'नाही' म्हणून परत पाठवलेल्या पुस्तकांची नावे महिन्याकाठी मागवून घ्यावीत. दादर, गिरगाव, ठाणे आणि डोंबिवली येथील चार-सहा दुकानांपासून सुरुवात केली तरी पुष्कळ कळेल.

माझ्या परीने मी एक काम सुरू केले आहे. ओळखीच्या लेखक-चित्रकारांकडून संपलेल्या पुस्तकांची यादी गोळा करत आहे : नाव, वर्ष, पाने, रंगीत की एकरंगी, मूळ चित्रे कोणाकडे आहेत, करारात मुदत लिहिली आहे की नाही. यादी मार्चअखेर पुरी होईल. आपल्यापैकी ज्यांना ती हवी असेल त्यांना मी ती पाठवीन, आणि ज्यांना समोरासमोर बोलायचे असेल त्यांच्यासाठी दादरला कुठेही, कधीही येईन. शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून उत्तर एप्रिलच्या आत मिळाले तर उपयोगाचे होईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक बालसाहित्यिका